स्प्रिंगा परत पाठवत आहे

सोमवार, १० फेब्रुवारी

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत, गाडी तेवढी बरी नाही. भाऊजींनी पाठवलेलं पार्सल पोचलं आणि त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. तू फोन उचललास की दुसऱ्या मिनिटाला तो स्पीकरवर टाकतेस, आणि मग मी तुझ्याशी बोलायचं सोडून भाऊजींच्या प्रश्नांची उत्तरं देत बसते. पत्राला स्पीकर नसतो. हे तू एकटीनं वाच. नंतर त्यांना वाचून दाखवायचं तर दाखव, पण आधी एकटीनं.

आईची तब्येत ठीक. थंडीत एक खांदा धरतो, पण बॅटरीची खुर्ची ज्या हातानं चालवते तो हात ठणठणीत आहे. परवा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पाय काय म्हणतात?" तर म्हणाली, "ते रिटायर झाले, त्यांचं काय विचारता? माझं विचारा." भूक चांगली. माझ्यावर ओरडायला आवाजही चांगला. चष्म्याच्या दुकानात माझं नेहमीचंच चाललंय. लोकांच्या डोळ्यांचा नंबर वाढतो आणि ते माझ्यावर रागावतात, जणू मीच कुठून तरी आणून तो त्यांच्या डोळ्यांत घातला.

आता गाडी.

आपण ही गाडी घेतली ती तिच्या मागच्या चाकांपायी. बाकी गाड्यांना तिथं लोखंडी स्प्रिंग असते, हिला रबराचे दोन मोठे फुगे आहेत. एक छोटा पंप त्यांत हवा भरतो. रिमोटचं बटण दाबलं की हवा सुटते, गाडी कुत्र्यासारखी मागून खाली बसते, दार उघडतं, फळी बाहेर येते आणि आई खुर्चीसकट सरळ आत जाते. मग पुन्हा हवा भरली की गाडी उठते. सगळं रिमोटवर. कुणाचा हात लागत नाही.

गेल्या महिन्यात ती आपोआप बसायला लागली. सकाळी उठून बघावं तर मागून टेकलेली. किल्ली फिरवली की पंप घरघरत राहायचा, दम लागलेल्या माणसासारखा, आणि गाडी कशीबशी उठायची. मग एक दिवस जळका वास आला आणि पंप घरघरायचाही थांबला.

चौकापलीकडच्या गॅरेजच्या मिस्त्रीला तू पाहिलेलं नाहीस. माणूस कामाचा, फक्त तोंडाला ब्रेक नाही. त्यानं फुग्यांवर साबणाचं पाणी मारलं. डाव्या फुग्याच्या घडीतून बारीक बारीक फेस यायला लागला. "हा गेला, मॅडम," तो म्हणाला, "आणि उजवा त्याच्या मागोमाग जाणार. जुळे भाऊ आहेत, एकटे राहत नाहीत. पंपाचा तर कोळसाच झालाय." त्याचं म्हणणं पडलं की हे सगळं उपटून काढावं आणि सरळ लोखंडी स्प्रिंगा घालाव्यात. "हवेवर माणसानं भरवसा ठेवू नये. आज आहे, उद्या नाही."

"मग टायरमध्ये काय भरता? वाळू?" मी म्हटलं.

तो हसला, पण मत काही सोडलं नाही. पंप इतक्या लवकर कसा जळला, असंही त्यानं विचारलं. जुना झाला असेल, म्हटलं. तुलाही सध्या तेवढंच सांगते.

मी त्याला थांबायला सांगितलं आणि तुला फोन केला. स्पीकर होताच. भाऊजी म्हणाले, "अगं, स्प्रिंगा टाक आणि विषय संपव. आयुष्यभर बघायला नको." मी म्हटलं, "बघते." आपल्या घरात 'बघते' म्हणजे 'नाही', हे भाऊजींना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

पार्सल घरी आलं नाही, थेट गॅरेजवर गेलं. मागोमाग भाऊजींचा मिस्त्रीला फोन. "मी मोठा जावई बोलतोय. बसवून टाका." मी गुरुवारी दुकानातून सुटून गेले तर दोन्ही स्प्रिंगा बसलेल्या.

"मला न विचारता?" मी म्हटलं.

"तुमच्या घरातूनच फोन होता ना."

"ते घर वेगळं. गाडी माझ्या नावावर आहे."

"ते खरंय, मॅडम. पण बोलले फार अधिकारानं."

खोटं कशाला लिहू, स्प्रिंगा दिसत होत्या छान. निळ्या, नव्याकोऱ्या. गाडी मागून अशी ताठ उभी, जणू परेडला निघाली आहे. मी एक चक्कर मारून आले. खड्ड्यात जरा आदळते, पण चालते. समोर एक पिवळा दिवा तेवढा पेटून राहिला होता. फुगे सापडत नाहीत म्हणून बिचारी गाडी तक्रार करत होती. मिस्त्री म्हणाला, त्याच्यावर काळी पट्टी चिकटवू, दिसणार नाही.

मी हट्टी आहे, पण आंधळी नाही. म्हटलं, आईला चढता आलं तर राहू देत स्प्रिंगा. भाऊजींचा मान राहील, माझी कटकट वाचेल. शनिवारी आईला घेऊन गेले. ती खुर्चीतून रस्त्याच्या कडेनं आली, मी बाजूनं चालत. वाटेत तिनं दोन रिक्षावाल्यांना दम दिला.

गाडीचं दार उघडलं, फळी बाहेर आली. पूर्वी ती निवांत जमिनीवर टेकायची, आता घसरगुंडीसारखी उभी राहिली. आईनं खालून वर पाहिलं. "हा तर जिना झाला," म्हणाली. तरी तिनं खुर्ची घातली. निम्म्यावर गेली आणि पुढची चाकं उचलली गेली. मी मागून धरलं. ती शांतपणे उलटी खाली आली, पुन्हा गेली. पुन्हा तेच.

मग मिस्त्री पुढे आला. मनानं वाईट नाही तो. फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "आजी, कशाला त्रास घेता? मी आणि माझा भाऊ तुम्हाला उचलून आत ठेवतो, खुर्ची मागनं चढवू. दोन मिनिटांचं काम."

"ठेवता?" आई म्हणाली.

"हळूच ठेवू."

"हात लावायचा नाही."

त्याला वाटलं, म्हातारी संकोचतेय. "आजी, मी तुमच्या नातवासारखा."

"नातू असतास तर कानाखाली दिली असती. मागे हो."

गॅरेजमध्ये ठोकाठोक चालली होती, ती थांबली. आईनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. ताई, तिचा तो चेहरा तूही एकदा पाहिला आहेस. कधी, ते आता नको.

मी उठले आणि मिस्त्रीला म्हटलं, "काढा त्या."

"काय काढू?"

"स्प्रिंगा."

"मॅडम, परवाच बसवल्यात!"

"मग हाताला अजून सवय असेल."

"आणि त्यांच्या जागी घालू काय?"

"हवा."

तो बराच वेळ बोलत राहिला. फुगे बाहेरून मागवावे लागतील, पंप मागवावा लागेल, आठ-दहा दिवस गाडी अडकून पडेल, चार वर्षांनी पुन्हा हेच रडगाणं. उद्या रस्त्यात बसली तर मला शिव्या द्यायच्या नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, देणार, पण हळू आवाजात. शेवटी त्यानं मान हलवली. वेड्या गिऱ्हाइकापुढे हलवतात तशी.

तर स्प्रिंगा परत पाठवणार आहे. भाऊजींना वाईट वाटेल. वाटू दे. तू रागावू नकोस असं लिहिणार होते, पण रागावलीस तरी माझं म्हणणं बदलणार नाही, म्हणून ते वाक्य लिहीत नाही.

तुझी
धाकटी

ता. क. तुझा गुडघा कसा आहे, असं आई विचारते. मालीश करतेस की नुसती करणार आहेस?


गुरुवार, २० फेब्रुवारी

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. या खोक्यात तुमच्या दोन्ही स्प्रिंगा आहेत. मिस्त्रीनं पुसून, कागदात गुंडाळून दिल्यात. एकीवर पान्याचा बारीक ओरखडा आहे, तो आमच्याकडचा. बाकी वस्तू उत्तम. त्यांचा काहीही दोष नाही. तुमचा हेतू चांगला होता, हे ताईला लिहायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला लिहिते.

एकच विनंती. यापुढे आमच्या मिस्त्रीला फोन करायचा झाला तर आधी मला करा. मी नाही म्हणेन, पण निदान विचारलं गेलं असं होईल.

साखरेच्या गोळ्या वेळेवर घ्या. ताई म्हणते, तुम्ही त्या खिशात घेऊन फिरता आणि रात्री मोजून परत ठेवता.

आपली
मेहुणी


रविवार, २ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर रागात जास्त सुंदर येतं, हे तुला कुणी सांगितलं आहे का? लहानपणी तू माझी पाटी पुसून पुन्हा लिहायला लावायचीस, तेव्हा असंच ठसठशीत लिहून दाखवायचीस.

तू लिहितेस, मी भाऊजींचा अपमान केला. तू लिहितेस, आईचे फाजील लाड चाललेत, आणि या वयात माणसाला कुणी उचललं तर काय बिघडतं. मग सगळ्यात खाली, एकदम मऊ होऊन, लिहितेस की मी थकले आहे, आता आईला तुझ्याकडे पाठवून द्यावं. खालची खोली रिकामी केलीस. दोन बायका ठरवल्यास, एक दिवसाची, एक रात्रीची, दोघी दणकट. महिनाअखेर गाडी पाठवतेस. 'आईला नेतो' असं लिहिलं आहेस.

मी थकले आहे हे खरं. तू ओळखलंस, बरं वाटलं. पण ताई, आईला कुणी नेणार नाही. जायचं असेल तर ती जाईल. या दोन्हींत काय फरक, असं तू विचारशील, म्हणून मागच्या पत्रात जे टाळलं ते आज लिहिते. हेही एकटीनं वाच.

पंप जुना झाला म्हणून जळला नाही.

गॅरेजवर पहिल्या दिवशी मिस्त्रीनं मला विचारलं होतं, ही गाडी खालीवर किती वेळा होते? मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा, दवाखाना आणि बाजार. तो म्हणाला, गाडी वेगळं सांगते, फुग्याची घडी बसच्या दाराच्या रबरासारखी झिजलीय. मला कळेना. त्या दिवशी घरी आले तर फाटकाशी इस्त्रीवाला टेबल आवरत होता. गाडी बंद पडली, असं त्याला सहज सांगितलं.

"अरेरे," तो म्हणाला. "म्हणजे आता आजींचं दुपारचं बंद?"

"दुपारचं काय?"

त्यानं जीभ चावली. मग एका शर्टाची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, "मी बोललो असं सांगू नका."

ताई, मी दुकानात गेले की आई दुपारी रिमोट घेऊन अंगणात जाते. गाडी खाली बसवते, आत जाते, दार लावून घेते आणि बसते. एकटी. रोज. कित्येक महिने हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी फोन करायचे, "आई, काय करतेस?" तर म्हणायची, "बसलेय." खोटं काहीच नव्हतं त्यात.

मी घाबरले, तू आत्ता वाचताना घाबरली असशील तशीच. आत जाऊन ओरडले, "आई, एकटी? काही झालं असतं तर? पडली असतीस तर?"

"बसलेलं माणूस आणखी कुठं पडणार?"

"पण गाडीत करतेस काय?"

"बसते."

"घरात बसता येत नाही?"

"घरात मला बसवलेलं असतं," ती म्हणाली.

मग पाणी प्यायली आणि माझ्याकडे न बघता एकेक सांगायला लागली. खोलीतून समोरची भिंत दिसते, गाडीतून पूर्ण गल्ली दिसते. गाडीत कुणी येऊन 'काही हवंय का' विचारत नाही. शेंगा खाऊन टरफलं खाली टाकली तरी चालतात. (गाडीत टरफलं कुठून येतात, याचा मी वर्षभर विचार करत होते.) आणि ओळखीचं कुणी येताना दिसलं, की ती गाडी वर घेते. खिडकीची काच खाली करते. मग ते माणूस उभं आणि ही बसलेली, तरी डोळ्याला डोळा भिडतो. "खुर्चीत असले की सगळे मला वरून बघतात," आई म्हणाली. "वरून बघणाऱ्याशी धड भांडतासुद्धा येत नाही."

माणूस गेलं की गाडी पुन्हा खाली, कारण कधीही बाहेर पडायचं तर फळी जमिनीला टेकायला हवी. दुसरं आलं की पुन्हा वर. आणि आपल्या गल्लीत आईच्या ओळखीचं नाही असं कोण आहे? पंप जळला नसता तरच नवल.

मी तिला बंदी घालावी, असं तू म्हणशील. त्या संध्याकाळी माझ्याही ओठांवर तेच होतं. पण ती इतकं सगळं सांगून झाल्यावर, वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या आईनं माझ्याकडे असं बघावं? मी बंदी घातली नाही. टरफलांसाठी एक डबा ठेवला.

आता दुसरं. हे लिहायला जास्त जड जातं.

तुमचं नवं घर झालं तेव्हा आपण सगळे जमलो होतो. तेव्हा ही गाडी नव्हती, आम्ही भाड्याच्या गाडीतून आलो. तुमच्या दाराला पायऱ्या. भाऊजींनी आणि ड्रायव्हरनं आईला उचललं. एकानं काखेत हात घालून, एकानं पाय धरून. पातळ वर सरकलं होतं, ते मी धावत जाऊन ओढलं. दारात तुमचे पाहुणे उभे. वर पोचल्यावर भाऊजी धापा टाकत म्हणाले, "सासूबाई, तुमच्यापेक्षा पोतं परवडलं!"

सगळे हसले. तू हसलीस. आई पण हसली, सगळ्यांत मोठ्यानं. ती हसली म्हणून तुला वाटलं, झालं, गंमत होती. पण त्याच्या आधी, एक क्षण, तिचा चेहरा मी पाहिला आणि तूही पाहिलास. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग सरबताचे पेले मोजायला लागलीस.

परतताना गाडीत तिनं आधी पातळाच्या निऱ्या नीट केल्या. मग म्हणाली, "मी उभा जन्म बाजारातल्या काट्यावर काढला, धाकटे. हजारो पोती मोजली. पोत्याला कुणी विचारत नाही, तुला कुठं ठेवू." बस, एवढंच. पुन्हा कधी तो विषय नाही. पण त्यानंतर ती तुमच्या घरी आलेली नाही, हे तुझ्या ध्यानात आलं का? कधी थंडी, कधी खांदा, कधी डॉक्टरांची तारीख. ती कारणं फोनवर मी तुला सांगत आले. यापुढे सांगणार नाही.

भाऊजी वाईट नाहीत. त्या दिवशी त्यांची कंबर लचकली होती आणि पाहुण्यांपुढे कण्हायचं नव्हतं, म्हणून विनोद केला, हे मला ठाऊक आहे. नात्यातल्या कुणालाही पोचवायला ते रात्री-अपरात्री धावले आहेत. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. मी रागावले आहे ती तुझ्यावर, कारण तुला कळलं होतं. आणि आता तू दोन दणकट बायका ठरवल्या आहेस.

तू आईसाठी खोली रिकामी केलीस, त्यात प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या खोलीत तिला सकाळी उचलून खुर्चीत ठेवतील, संध्याकाळी उचलून पलंगावर ठेवतील, आणि मधल्या वेळात तू येऊन विचारशील, 'आई, काही हवंय का?' आणि तिला जे हवंय ते तुझ्या अंगणात उभं नसेल.

मंगळवारी नवे फुगे आले, पंप आला. मिस्त्रीनं बसवले आणि बसवता बसवता शेवटपर्यंत सांगत राहिला की स्प्रिंगच बरी. पंप पुन्हा जळू नये म्हणून त्यानं एक युक्तीही काढली. रिमोटला अशी सोय करू की दिवसातून तीनदाच चालेल.

"म्हणजे रेशन?" आईनं विचारलं.

"तसं नाही, आजी, पंपाच्या तब्येतीसाठी."

"नको," मी म्हटलं. "जळला तर दुसरा घालू."

त्यानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून माझं गॅरेज चालवणार." मग त्यानंच बटण दाबलं. गाडी खाली बसली. फळी टेकली. आई आत गेली, आतून दार लावून घेतलं, गाडी वर उचलली आणि काच खाली करून त्याला म्हणाली, "हां, आता सांग, काय म्हणत होतास?" तो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता.

फुगे आयुष्यभर टिकणार नाहीत, हे मला माहीत आहे. रबर आहे, चिरणार. भाऊजी म्हणतात, आयुष्यभर बघायला नको. मला बघायचं आहे. आई तरी आयुष्यभर कुठं पुरणार आहे, ताई? जेवढी आहे तेवढी तिच्या मनासारखी वरखाली होऊ दे. खर्चाचं मी बघेन, आणि हे 'बघेन' म्हणजे खरंच बघेन.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. गाळलं काही नाही, 'फाजील लाड' सुद्धा नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जाते."

मी पत्र खाली ठेवलं. "राहायला?"

"भेटायला. चार दिवस. तिचा गुडघा बघून येते. ती मालीश करत नाही, मला माहीत आहे."

तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही येतो आहोत. तू गाडी पाठवू नकोस, आम्ही आमच्या गाडीनं येऊ. त्या बायकांना तेवढे दिवस सुट्टी दे. खालची खोली आहे तशी असू दे, फक्त पलंग खुर्चीच्या उंचीचा हवा, म्हणजे ती तिची ती सरकते. आणि दारातल्या पायऱ्यांवर सुताराकडून फळी करून घे. लांबलचक कर. जागा वाचवायला आखूड केलीस तर तिचा पुन्हा जिना होईल.

आम्ही आलो की कुणी पुढे धावायचं नाही. भाऊजींनाही सांग. कौतुकानंसुद्धा नाही. गाडी आधी खाली बसेल, त्याला जरा वेळ लागतो, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होतो. मग दार उघडेल. तुम्ही दोघं उंबऱ्याच्या आत उभे राहा आणि तिला येऊ दे. फळीवर ती मध्येच थांबेल, श्वास घेईल, कदाचित फळीला नावं ठेवेल. ठेवू दे. वर पोचली की तुला काय म्हणायचं ते म्हण. माझी काही अट नाही. तिच्या गळ्यात पडून रड, भांड, किंवा चहा टाक.

आणि फळी तयार नसेल तर तसंही सांग, लाजू नकोस. आम्ही तरीही येऊ. तुझ्या दारासमोर गाडी वर घेऊ, काच खाली करू, तू बाहेर येऊन आईशी बोल. बोलून झालं की आम्ही परत फिरू.

तुझी धाकटी,
आणि या एका गोष्टीत तुझ्यापेक्षा मोठी